कार्डावर ओ पॉझिटिव्ह, पण एकही बॅग जुळेना : वाचकांचे प्रश्न, ब्लड बँकेतून उत्तरं

मागच्या अंकात निगेटिव्ह ग्रुपच्या बायकांना देतात त्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर पत्रं आली आणि त्यातली बरीचशी "आमचा ग्रुप जरा वेगळाच आहे" अशी होती. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्याच विषयावर. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : मॅडम, मला सहावा महिना चालू आहे. कॉलेजपासून माझ्या सगळ्या कागदांवर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय. आता हिमोग्लोबिन ७.८ आलं म्हणून रक्त चढवायचं ठरलं, तर ब्लड बँकेत ओ पॉझिटिव्हच्या चार बॅगा लावून बघितल्या आणि एकही क्रॉसमॅच झाली नाही. मोठ्या लॅबला सॅम्पल पाठवल्यावर कळलं की माझा बॉम्बे ब्लड ग्रुप आहे. घरातले सगळे घाबरलेत. बाळाला काही होणार का? आणि मला रक्त मिळणार कुठून?

सगळ्यात आधी, ज्या टेक्निशियनने चार बॅगा जुळत नाहीत म्हटल्यावर "मशीन बिघडलं असेल" असं न म्हणता सॅम्पल पुढे पाठवलं त्यांचे आभार माना, कारण हेच जर डिलिव्हरीच्या टेबलावर रक्त वाहत असताना कळलं असतं तर काय झालं असतं याची कल्पनाही मला करवत नाही. तुमच्या हातात अजून तीन महिने आहेत आणि बॉम्बे ग्रुपमध्ये तीन महिने म्हणजे खूप वेळ आहे.

आता हे नेमकं काय आहे ते सांगते. लाल पेशीवर एच नावाचा पदार्थ असतो, त्याला ए ची साखर जोडली की ए ग्रुप, बी ची जोडली की बी, दोन्ही जोडल्या की एबी आणि काहीच जोडलं नाही, नुसता एच राहिला, की ओ. म्हणजे ओ वाल्यांच्या पेशीवर सगळ्यात जास्त एच असतो. तुमच्या पेशीवर तो एच च नाहीये. त्यामुळे ए किंवा बी चं जीन अंगात असलं तरी त्याला जोडायला जागाच नाही, आणि नेहमीच्या टेस्टमध्ये ए नाही, बी नाही, म्हणून रिपोर्ट येतो ओ. पण तुमच्या शरीराने एच कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे तुमच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, अँटी-एच आहे, म्हणजे एच ला परका मानून त्याच्यावर हल्ला करणारी अँटीबॉडी, आणि ती साधी नाही, शरीराच्या तापमानाला जोरात काम करणारी आहे. साधं ओ रक्त तुम्हाला दिलं तर त्या पेशी काही मिनिटांत फुटायला लागतात, किडनी बंद पडू शकते, जीव जाऊ शकतो. त्यामुळे "ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं" हे वाक्य तुमच्यासाठी खोटं आहे आणि घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं.

हा ग्रुप पहिल्यांदा ओळखला तो १९५२ साली मुंबईत, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि लॅन्सेटमध्ये छापलं, म्हणून नाव बॉम्बे. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात दहा लाखांत एक.

इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही, असं तुम्ही पुढे विचारलंय. ग्रुप दोन बाजूंनी तपासायचा असतो. एकदा तुमच्या पेशी घेऊन, आणि एकदा तुमचा सीरम घेऊन तो माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकून. खऱ्या ओ माणसाचा सीरम ओ पेशींना काही करत नाही, बॉम्बेवाल्याचा सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतो. कॅम्पमध्ये किंवा घाईत फक्त पहिली बाजू तपासतात, कधी दुसरी तपासतात पण ओ पेशी लावतच नाहीत, आणि माणूस वर्षानुवर्षं ओ म्हणून फिरतो.

बाळाचं म्हणाल तर बातमी बरी आहे. नवऱ्याचा ग्रुप साधा असेल तर बाळाला त्यांच्याकडून एच मिळणार, म्हणजे बाळ बॉम्बे नसण्याचीच शक्यता जास्त. मग तुमची अँटी-एच बाळाच्या पेशींवर जाईल ना? थोडी जाऊ शकते. पण ती बहुतेक आयजीएम प्रकारची असते आणि आयजीएम वार ओलांडून बाळाकडे जात नाही, शिवाय जन्माच्या वेळी बाळाच्या पेशींवर ए, बी, एच सगळंच कच्चं असतं. त्यामुळे पोटात असताना गंभीर त्रास होणं फार क्वचित. जन्मानंतर पहिले काही दिवस काविळीवर बारीक लक्ष ठेवायचं, एवढं मात्र नक्की करा.

खरी काळजी तुमची आहे. डिलिव्हरीत जास्त रक्त गेलं तर काय, हा प्रश्न आत्ता सोडवायचा. पहिलं, सहाव्या महिन्यात ७.८ आहे आणि धाप, चक्कर असं काही नाही तर रक्ताऐवजी शिरेतून आयर्न देता येतं का हे डॉक्टरांना विचारा. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन चांगलं वर येऊ शकतं, बी-ट्वेल्व्ह आणि फॉलिक अ‍ॅसिड कमी आहे का तेही बघून घ्या. तुम्ही जितकं भरलेलं हिमोग्लोबिन घेऊन डिलिव्हरीला जाल तितकी बाहेरच्या बॅगेची गरज कमी. दुसरं, तुमच्या सख्ख्या भावा-बहिणींचा ग्रुप लगेच तपासा, पण साधा नाही, अँटी-एच लावून. हा ग्रुप आई आणि वडील दोघांकडून एकेक जीन आल्यावरच होतो, म्हणून प्रत्येक भावंडात चारात एक शक्यता असते, आणि डोनर शोधायला घरापेक्षा जवळची जागा नाही. तिसरं, ब्लड बँकेला डिलिव्हरीची तारीख लेखी कळवा म्हणजे ते नोंदणीतल्या बॉम्बे डोनरना आधीच सांगून ठेवतात. साध्या फ्रीजमध्ये रक्त जास्तीत जास्त ३५ ते ४२ दिवस टिकतं, त्यामुळे फार आधी काढूनही उपयोग नाही. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवलं तर १० वर्षं ठेवता येतं, पण ती सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि वितळवून धुतल्यावर साधारण २४ तासांत वापरावं लागतं. प्लाझ्मा लागला तर त्यात अडचण नाही, कुठल्याही ग्रुपचा चालतो, अडचण फक्त लाल पेशींची. आणि डिलिव्हरी अशाच हॉस्पिटलमध्ये करा जिथे ब्लड बँक आणि भूलतज्ज्ञ दोन्ही चोवीस तास आहेत, रक्तस्राव थांबवायची औषधं भरलेली तयार ठेवतात.

रक्त जुळल्यावर आरएच पण जुळायला हवं, बॉम्बे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कार्डावर नीट लिहून घ्या.

प्रश्न : माझा ग्रुप ओ, मिस्टरांचा ओ, आणि मुलीचा आलाय बी पॉझिटिव्ह. सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत पण घरात वातावरण बदललंय. मिस्टर म्हणतात माझा विश्वास आहे, पण मला रात्री झोप येत नाही. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं ताई, आणि मी हे कागदावर लिहून द्यायला तयार आहे. वरचं उत्तर परत वाचा. तुमच्यापैकी कुणी बॉम्बे असेल आणि अंगात बी चं जीन लपलेलं असेल तर तुमचा रिपोर्ट ओ येणार, पण जोडीदाराकडून एच मिळालेल्या मुलीत तो बी उघडा दिसणार. दुसरं, बी चे काही अगदी फिके उपप्रकार असतात ते घाईच्या टेस्टमध्ये ओ वाटतात. आणि तिसरं जे सगळ्यात जास्त घडतं ते म्हणजे सॅम्पलवरची चिठ्ठी बदलणं किंवा रिपोर्ट टाइप करताना चूक. तिघांचं रक्त परत, नवीन काढून, एकाच चांगल्या ब्लड बँकेत दोन्ही बाजूंनी तपासा आणि सोबत हा प्रश्न लिहून द्या. ब्लड ग्रुपच्या एका रिपोर्टवरून बाईच्या चारित्र्याबद्दल मनात जरी शंका आणली तरी तो अन्याय आहे. मिस्टरांना म्हणावं विश्वास आहे ना, मग तो घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून दाखवा.

प्रश्न : रक्तदान केलं तेव्हा डोनर कार्डावर बी पॉझिटिव्ह आलं. आता प्रेग्नन्सीत दुसऱ्या लॅबने बी निगेटिव्ह दिलंय. कोण चुकलं? अँटी-डी घ्यायचं की नाही?

बहुतेक कुणीच चुकलेलं नाही. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्यावरून ठरतं तो डी नावाचा पदार्थ तुमच्या पेशींवर आहे पण कमी आहे किंवा अर्धवट आहे, याला वीक डी किंवा पार्शल डी म्हणतात. रक्त देताना आम्ही अगदी बारीक टेस्टने शोधतो, थोडासा जरी डी दिसला तरी बॅगेवर पॉझिटिव्ह लिहितो, कारण ती बॅग निगेटिव्ह माणसाला गेली तर तेवढा डी सुद्धा त्याच्यात अँटीबॉडी तयार करू शकतो. पण तुम्ही जेव्हा घेणाऱ्या असता किंवा गरोदर असता तेव्हा उलटं करतो, शंका असेल तर निगेटिव्ह धरतो. एकाच बाईचे दोन रिपोर्ट, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. हे लॅबने तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं, नाही सांगितलं याचं मला वाईट वाटतं.

वीक डी मध्ये डी पूर्ण असतो पण संख्येने कमी, त्यातल्या टाइप १, २ आणि ३ वाल्या बायकांना अँटी-डी घ्यायची गरज नसते, शरीर डी ला परका मानत नाही. पार्शल डी मध्ये मात्र डी चा तुकडाच गायब असतो, आणि बाळाचा डी पूर्ण असेल तर आई त्या गायब तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकते. हा फरक नेमका कळतो तो जीनच्या तपासणीतून. ती होत नसेल तर सरळ निगेटिव्ह समजून अँटी-डी घ्या, घेऊन नुकसान काही नाही. नेहमीचा डोस ३०० मायक्रोग्रॅम, एक २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत दुसरा. ७२ तास उलटले म्हणून सोडून देऊ नका, १० दिवसांपर्यंत दिलं तरी काही फायदा मिळू शकतो. गर्भपात झाला, पोटावर मार लागला, मधेच ब्लीडिंग झालं, गर्भाशयातलं पाणी काढून तपासलं, तरी द्यावं लागतं, आणि गर्भपातानंतर हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

आणखी एक. २८ व्या आठवड्यातलं इंजेक्शन घेतल्यावर काही आठवड्यांनी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते बघणारी) केली तर ती हलकीशी पॉझिटिव्ह येते. ते इंजेक्शनचंच असतं. घाबरू नका, पण इंजेक्शनची तारीख लॅबला सांगा, नाहीतर तेही गोंधळतात.

प्रश्न : मी ए पॉझिटिव्ह आहे. पहिल्या वेळी सिझर झालं, रक्त खूप गेलं, दोन बॅगा चढवल्या. आता दुसऱ्यांदा पाचवा महिना. नवीन डॉक्टरांनी कूम्ब्स टेस्ट सांगितली, मला वाटलं उगाच खर्च, ती पॉझिटिव्ह आली आणि रिपोर्टमध्ये "अँटी-सी, स्मॉल सी" असं लिहिलंय, टायटर (अँटीबॉडी किती आहे त्याचं माप) १:८ होता तो महिन्याभरात १:३२ झाला. आम्हाला सगळे म्हणतात पॉझिटिव्ह बाईला काही होत नाही. मग हे काय आहे?

तुमचं पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण "पॉझिटिव्ह बाईला काही होत नाही" ही समजूत मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकली आहे आणि तिच्यामुळे उशिरा पोचलेली बाळंही पाहिली आहेत.

पॉझिटिव्ह म्हणजे फक्त डी आहे, बस्स. लाल पेशीवर ४५ पेक्षा जास्त ब्लड ग्रुप सिस्टिम आहेत, एबीओ आणि आरएच ह्या त्यातल्या दोन. नुसत्या आरएच मध्येच डी शिवाय मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई असे आहेत. तुमच्याकडे डी आहे पण छोटा सी नाही, हे आजार वगैरे काही नाही, बऱ्याच लोकांकडे नसतो. पण पहिल्या वेळी चढवलेल्या बॅगांवर छोटा सी असणार, किंवा पहिल्या बाळाकडून थोडं रक्त तुमच्यात आलं असणार, आणि शरीराने त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी करून ठेवली. त्या बॅगा चुकीच्या नव्हत्या. ए पॉझिटिव्हला ए पॉझिटिव्हच दिलं होतं, क्रॉसमॅचही झाली असणार. एवढे सगळे अँटीजेन, म्हणजे पेशीवरचे हे पदार्थ, जुळवून रक्त देणं नेहमीच्या कामात शक्य नसतं. पहिलं बाळ यातून सुटतं ते म्हणूनच, त्यावेळी अँटीबॉडी तयारच नसते.

ही अँटीबॉडी आयजीजी आहे, वार ओलांडते, आणि बाळाला वडिलांकडून छोटा सी आला असेल तर त्याच्या पेशी पोटातच फोडते. यावर प्रतिबंधाचं इंजेक्शन नाहीये, अँटी-डी फक्त डी साठी असतं, ते घेऊन इथे काही होणार नाही, कुणी द्यायला निघालं तर विचारा कशासाठी.

पण उपाय आहे आणि चांगला आहे. पहिलं, मिस्टरांची पूर्ण आरएच तपासणी करा. त्यांच्याकडे छोटा सी नसेल तर बाळाकडेही नसणार, प्रश्न मिटला. असेल तर बाळाला निम्मी किंवा पूर्ण शक्यता आहे. आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएवरूनही हे काही लॅबमध्ये कळतं. दुसरं, १:१६ किंवा १:३२ ही बहुतेक लॅबची धोक्याची रेषा, तुम्ही तिथे पोचला आहात, आता नुसते टायटर मोजत बसायचं नाही. बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग डॉप्लर सोनोग्राफीने बघतात. बाळाचं हिमोग्लोबिन कमी झालं की रक्त पातळ होतं आणि जोरात पळतं. हा वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट झाला तर बाळाला ॲनिमिया आहे असं धरतात. सुई न टोचता एवढं कळतं, ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी सोय झाली आहे. हे दर आठवड्या-दोन आठवड्याने, गर्भाच्या तपासणीत तरबेज असलेल्या डॉक्टरांकडेच करायचं.

वेग वाढला तर पोटातच बाळाच्या नाळेतल्या शिरेतून रक्त देता येतं. ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण न्यूझीलंडच्या डॉ. लिली यांनी १९६३ मध्ये पोटातल्या बाळाला रक्त देऊन दाखवलं, तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलंय. त्या बॅगेवर छोटा सी नसायला हवा, तुमच्या रक्ताशी क्रॉसमॅच व्हायला हवी, ताजी, रेडिएशन दिलेली. म्हणजे इथेही ब्लड बँकेला आधी कळवणं आलंच. तुमच्यासाठी डिलिव्हरीला रक्त ठेवायचं तेही छोटा सी नसलेलंच. बाळ झाल्यावर काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल, कधी रक्त बदलावं लागतं. आणि घरी गेल्यावर विषय संपला असं समजू नका, तुमची अँटीबॉडी बाळाच्या अंगात कित्येक आठवडे राहते, कावीळ उतरते पण हिमोग्लोबिन हळूहळू खाली येत राहतं, म्हणून दीड-दोन महिने मधून मधून ते तपासून घ्या. बाळ दूध प्यायला कंटाळतंय, पांढुरकं दिसतंय, तर वाट बघू नका.

याच पत्राच्या निमित्ताने केल नावाच्या आणखी एका ब्लड ग्रुप सिस्टिमबद्दल सांगते. अँटी-केल ही अँटीबॉडी बाळाच्या पेशी फोडतेच, वर मज्जेत नवीन पेशी तयार होणंच दाबून टाकते. त्यामुळे टायटर कमी असला तरी बाळ खूप ॲनिमिक असू शकतं. ती बऱ्याचदा आधी चढवलेल्या रक्तातून आलेली असते, म्हणून ब्रिटनमध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना केल निगेटिव्ह रक्त द्यायचा नियम आहे. मला हा नियम मनापासून पटतो.

प्रश्न : वडिलांना ऑपरेशनमध्ये रक्त दिलं, सगळं व्यवस्थित. आठव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी गडद, हिमोग्लोबिन परत खाली. लिव्हरच्या तपासण्या चालू आहेत. रक्ताचा संबंध असेल का, इतक्या दिवसांनी?

असू शकतो, आजच डॉक्टरांना विचारा आणि डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींना अँटीबॉडी चिकटली आहे का ते दाखवणारी) करायला सांगा. किड नावाची एक सिस्टिम आहे, तिची अँटीबॉडी भारी फसवी. कधीतरी जुन्या रक्तामुळे तयार होते, मग काही महिन्यांनी इतकी कमी होते की क्रॉसमॅचमध्ये दिसतच नाही, आणि तेच अँटीजेन परत आलं की शरीराला आठवतं. तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही हे उठू शकतं. वडिलांना पूर्वी कधी, अगदी २० वर्षांपूर्वी का होईना, रक्त दिलं होतं का ते आठवा. अँटीबॉडी सापडली तर तिचं नाव लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि पाकिटातच ठेवा, कारण पुढच्या वर्षीच्या टेस्टमध्ये ती परत गायब असेल पण धोका तितकाच असेल.

प्रश्न : माझे सलग चार गर्भपात झाले, सगळे तीन महिन्यांच्या आत. सगळ्या तपासण्या नॉर्मल. ब्लड ग्रुपमुळे असं होतं का?

निगेटिव्ह ग्रुपमुळे पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतात हे खरं नाही, तो त्रास पुढच्या महिन्यांतला. पण एक फार दुर्मिळ प्रकार आहे, छोटा पी म्हणतात, त्या बायकांच्या रक्तात जन्मतः एक अँटीबॉडी असते आणि ती वारेवरच हल्ला करते, त्यामुळे अगदी सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा गर्भपात होतात. शक्यता फार कमी, आशा लावून बसू नका. पण साधी अँटीबॉडी स्क्रीनिंग एकदाही झाली नसेल तर करून घ्या, तेवढ्यात कळतं. ती पॉझिटिव्ह निघाली तर प्लाझ्मा बदलून पुढची प्रेग्नन्सी पार पाडलेल्या बायका आहेत.

प्रश्न : गोल्डन ब्लड खरंच असतं का?

असतं, त्याचं खरं नाव आरएच नल. आरएच चा एकही अँटीजेन पेशीवर नाही. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मूलनिवासी बाईत पहिल्यांदा सापडलं, जगभरात नोंद झालेली माणसं पन्नासच्या आतबाहेर. सोन्यासारखं म्हणतात ते इतरांसाठी, ज्याला हा ग्रुप आहे त्याच्यासाठी नाही, कारण त्याच्या पेशी कमकुवत असतात, थोडा ॲनिमिया कायम असतो आणि त्याला स्वतःला रक्त लागलं तर फक्त आरएच नलच चालतं. अशा दुर्मिळ डोनरची आंतरराष्ट्रीय यादी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ठेवली जाते. ब्लड बँकेतून फोन आला की "तुमचा ग्रुप दुर्मिळ आहे, नाव नोंदवू का", तर कृपया हो म्हणा. वर सहावा महिना चालू असलेल्या ज्या ताईंचं पत्र आहे ना, त्यांची बॅग अशाच एका हो वर येणार आहे.